ठोके मोजायचे की ऐकायचे? गरोदरपणातली सोनोग्राफी आणि सावधगिरी



तंजावरहून तुमच्याशी बोलतो आहे. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब, तोफखाना सोडून हे बाळंतपणाचं काय काढलंत? म्हणून आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही. विज्ञानाचा पदवीधर आहे आणि माझी नोकरीतली बरीच वर्षं तोफखान्याच्या रडारबरोबर गेली. समोरून आलेला गोळा कुठून सुटला, हे रडारवर शोधून काढायचं, हे आमचं काम. एक स्पंद पाठवायचा, तो आदळून परत आला की किती वेळ लागला ते बघायचं, आणि परत येताना त्याची कंपनसंख्या बदलली असेल तर समोरची वस्तू हलते आहे हे ओळखायचं. सोनोग्राफीचं यंत्र हेच करतं. आमचं रडार रेडिओ लहरी पाठवायचं, हे यंत्र माणसाला ऐकू न येणारा आवाज पाठवतं, एवढाच फरक.

यंत्र कसं चालतं ते मी माझ्या अनुभवातून सांगेन. औषधोपचाराबद्दल जे सांगेन ते जागतिक पातळीवरच्या डॉक्टरांच्या संघटनांनी जाहीर केलेलं आहे. तुमच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

मुद्दा एका वाक्यात सांगतो, मग त्याची कारणं बघू. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे ठोके मोजायला आवाज लागत नाही. पडद्यावरच्या रेघेवरून ते मोजता येतात, आणि तीच जास्त सुरक्षित रीत आहे. तुमच्या डॉक्टरांनी आठव्या आठवड्यात तुम्हाला ‘धक-धक’ ऐकवलं नाही, तर त्यांनी काही लपवलं असं समजू नका. त्यांनी काळजी घेतली असं समजा.

हा विषय माझ्यापर्यंत घरातूनच आला. माझी सासुरवाडी इथली, तंजावरच्या मराठी मंडळींतली. माझ्या मेव्हण्याच्या मुलीचा पहिला गर्भ आठव्या आठवड्यात राहिला नाही. वर्षभरानं पुन्हा दिवस गेले. पहिल्या सोनोग्राफीहून ती घरी आली ती रडवेली होऊन. मला म्हणाली, “काका, त्यांनी आवाजच ऐकवला नाही. माझ्या मैत्रिणीला तर ऐकवला, तिनं मोबाइलवर घेऊन सगळ्यांना पाठवलासुद्धा. मागच्यासारखं तर काही झालं नसेल ना? मला सांगत नसतील.”

मी तिचा रिपोर्ट मागितला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, ठोके मिनिटाला १६४, एम-मोड. सोबत फोटोही होता. वर गर्भाचं चित्र आणि खाली एकसारख्या लाटांची पट्टी. मी म्हटलं, “बेटा, तुझ्या बाळाचं हृदय चालू आहे, याचा पुरावा तुझ्या हातात आहे.” तिचा विश्वास बसेना. आवाज म्हणजे खरं आणि रेघ म्हणजे कागद, असं तिच्या मनानं घेतलं होतं. ती एकटीच नव्हे, घरातल्या सगळ्यांनीच. शेजारचे लोक तर तिला दुसऱ्या सेंटरमध्ये जाऊन ‘नीट’ सोनोग्राफी करून ये म्हणायला लागले.

त्या संध्याकाळी मी घरच्यांना जे समजावलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

सोनोग्राफीचं यंत्र तीन-चार पद्धतींनी काम करतं. पहिली म्हणजे साधं चित्र, काळं-पांढरं, जे आपण सगळ्यांनी पाहिलंय. यात यंत्र आवाजाचे अगदी आखूड स्पंद पाठवतं आणि किरण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवतं. शेतात पाण्याचा फवारा फिरतो तसा. प्रत्येक जागेवर क्षणभर थेंब पडतो आणि फवारा पुढे जातो. कुठलीच जागा फार भिजत नाही.

दुसरी पद्धत एम-मोड. यातला ‘एम’ म्हणजे मोशन, हालचाल. डॉक्टर चित्रावर एक रेघ ठेवतात, बरोबर बाळाच्या हृदयावरून जाणारी. यंत्र त्या एकाच रेघेवर काय हलतंय ते वेळेप्रमाणे पुढे पुढे काढत जातं. हृदय आकसलं, फुगलं, आकसलं, फुगलं, की खाली लाटा उमटतात. एका लाटेच्या टोकापासून दुसऱ्या लाटेच्या टोकापर्यंत किती वेळ गेला ते यंत्र सांगतं. समजा ०.३७५ सेकंद गेला. ६० ला ०.३७५ ने भागा, उत्तर येतं १६०. झाले ठोके मोजून. इथेही स्पंद आखूडच असतात, चित्र काढताना असतात तसेच. काम दोन-चार सेकंदांत होतं.

तिसरी पद्धत डॉपलर. त्यातलं स्पंद-डॉपलर म्हणजे ज्यात तो ‘धक-धक’ किंवा ‘सुई-सुई’ आवाज येतो. इथे यंत्र किरण हलवत नाही. एका नेमक्या बिंदूवर रोखून धरतं आणि त्याच जागेवर लांब स्पंद पुन्हा पुन्हा, भराभर सोडत राहतं. फवारा बंद करून नळीची धार एकाच जागी धरण्यासारखं. त्यामुळे सगळ्या पद्धतींत सरासरीनं सर्वात जास्त ऊर्जा एका जागी पडते ती यात. रंगीत डॉपलर, ज्यात लाल-निळा प्रवाह दिसतो, तो साधारण मधे येतो.

आता आवाजाबद्दल. पुष्कळांना वाटतं, स्पीकरमधून येतो तो बाळाच्या हृदयाचा आवाज. तो तसा नसतो. हलत्या रक्तावरून किंवा हृदयाच्या पडद्यांवरून परत येणाऱ्या लहरींची कंपनसंख्या थोडी बदलते. रेल्वे जवळ येताना शिट्टी बारीक लागते आणि लांब जाताना जाड, तसं. तो फरक नेमका माणसाच्या कानाला ऐकू येईल इतका निघतो. यंत्राची लहर सेकंदाला ३० लाख कंपनांची असेल आणि रक्त सेकंदाला अर्धा मीटर वेगानं वाहत असेल, तर फरक येतो साधारण २००० कंपनांचा. यंत्र तो स्पीकरवर सोडतं. म्हणजे तुम्ही ऐकता तो यंत्रानं केलेला अनुवाद. रेघही अनुवादच, आवाजही अनुवादच. त्यातला एक जास्त खरा आणि दुसरा कमी, असं काही नाही.

मग ऊर्जा जास्त पडली तर बिघडतं काय? शरीरात गेलेला आवाज जिरतो आणि त्याची उष्णता होते. मोठ्या माणसाच्या शरीरात रक्त वाहत असतं, ते उष्णता वाहून नेतं. पहिल्या काही आठवड्यांत गर्भ बोराएवढा असतो, त्याचं रक्ताभिसरण नुकतं सुरू होत असतं, उष्णता वाहून न्यायची व्यवस्था अजून पुरी झालेली नसते. आणि नेमके याच काळात मेंदू, हृदय, मणका हे सगळे अवयव घडत असतात. पुढे हाडं तयार होतात तेव्हा वेगळी अडचण येते, कारण हाड आवाज जास्त शोषतं आणि लवकर तापतं. आईला ताप असेल तर ही उष्णता त्या तापात भर घालते. आपल्याकडे पावसाळ्यात तापाची साथ असतेच, तेव्हा अंगात ताप असेल तर सोनोग्राफीच्या आधी डॉक्टरांना तेवढं सांगा.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो, म्हणजे कोणी घाबरून सोनोग्राफी टाळायला नको. सोनोग्राफी म्हणजे एक्स-रे नव्हे. आजवर कोट्यवधी बायकांची सोनोग्राफी झाली आहे आणि तपासणीसाठी नीट केलेल्या सोनोग्राफीमुळे माणसाच्या बाळाला इजा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की प्रत्येक गरोदर बाईची २४ आठवड्यांच्या आत एकदा तरी सोनोग्राफी व्हावी.

मग सावधगिरी कशासाठी? याला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोटातल्या बाळाचे एक्स-रे सर्रास काढत. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टर अ‍ॅलिस स्ट्यूअर्ट यांनी दाखवलं की अशा मुलांत पुढे कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळतं. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाला, आणि ती पद्धत बंद व्हायला फार वेळ गेला. इजा सिद्ध झालेली नाही याचा अर्थ काळजी नको असा होत नाही, हे डॉक्टर मंडळी त्यातून शिकली.

त्यात आणखी एक भर. अमेरिकेत आधी गर्भावर वापरायच्या यंत्राला चौरस सेंटिमीटरला ९४ मिलिवॉट अशी मर्यादा होती. १९९२ च्या सुमारास ती ७२० पर्यंत वाढवली. म्हणजे साडेसात पटींहून जास्त. चित्रं जास्त स्पष्ट मिळावीत हा हेतू, आणि तो चांगलाच होता. पण त्या बदल्यात एक अट आली. किती ऊर्जा जाते आहे त्याचा अंदाज यंत्रानं पडद्यावर दाखवायचा आणि तो बघून आवर घालायचा तो यंत्र चालवणाऱ्यानं. बंदुकीचा सेफ्टी कॅच कारखान्यातून जवानाच्या हातात आला म्हणा ना.

तो अंदाज म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारे दोन आकडे, टीआय आणि एमआय. टीआय उष्णतेचा. टीआय १ म्हणजे ठरावीक गृहीतकं धरली तर त्या जागेचं तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढू शकेल इतकी शक्ती. एमआय हा लहरींच्या दाबाच्या परिणामाचा. तो मुख्यतः हवेचे बुडबुडे असतात तिथे महत्त्वाचा, आणि गर्भात हवा नसते. म्हणून गरोदरपणात लक्ष ठेवायचं ते टीआयवर. दहा आठवड्यांपर्यंत मऊ भागांसाठीचा टीआय बघतात, त्यानंतर हाडांसाठीचा.

प्रसूतिशास्त्रातल्या सोनोग्राफीची आंतरराष्ट्रीय संघटना, जिला इसुओग म्हणतात, तिचा सल्ला सरळ आहे. पहिल्या दहा आठवड्यांत डॉपलर नेहमीचा भाग म्हणून वापरू नका. ११ ते १४ आठवड्यांच्या तपासणीत काही कारण असेल, म्हणजे गुणसूत्रांच्या दोषाचा अंदाज घ्यायचा असेल, तर वापरा. पण टीआय १ च्या वर जाऊ देऊ नका आणि वेळ शक्य तितका कमी ठेवा, शक्यतो पाच ते दहा मिनिटांच्या आत. अमेरिकेतल्या संघटनेचंही म्हणणं तेच, ठोके नोंदवायचे तर आधी एम-मोड.

आम्हाला रडारच्या तुकडीत पहिल्या दिवशी काय शिकवतात ठाऊक आहे? प्रसारण करायचं ते काम असेल तेव्हाच. उगाच चालू ठेवलं तर शत्रूला आपला ठावठिकाणा कळतो, आणि चालू अँटेनासमोर आपला माणूस उभा असेल तर त्यालाही बरं नाही. म्हणून लक्ष्य दिसलं, नोंद झाली, प्रसारण बंद. सोनोग्राफीतही हाच नियम आहे. माहिती मिळेल इतकी कमीत कमी शक्ती, आणि लागेल इतकाच कमीत कमी वेळ.

आता डॉपलरबद्दल गैरसमज होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. डॉपलर वाईट नाही. पुढच्या महिन्यांत बाळाची वाढ खुंटली असेल, आईचा रक्तदाब वाढला असेल, तर नाळेतला रक्तप्रवाह डॉपलरनं बघतात. अशा जोखमीच्या गरोदरपणात त्या तपासणीमुळे बाळांचे मृत्यू कमी होतात, हे अनेक चाचण्यांतून दिसलं आहे. तिथे डॉक्टर म्हणाले डॉपलर करायचंय, तर बिनदिक्कत करा. तसंच, साधारण बाराव्या आठवड्यानंतर दवाखान्यात नर्सबाई हातातलं छोटं यंत्र पोटावर ठेवून ठोके ऐकवतात, त्याची शक्ती फार कमी असते. तेव्हा आवाज ऐकायची हौस पुरवून घ्या. प्रश्न एवढाच, की अवयव घडण्याच्या काळात, मोठ्या यंत्राचा सर्वात प्रखर किरण, फक्त मोबाइलवर आवाज घेण्यासाठी, मिनिट-मिनिट बाळावर धरायचा का? कारण असेल तर धरा. हौस हे कारण नाही.

आता आकड्यांकडे येऊ, कारण रिपोर्ट हातात आला की घरात आकड्यांवरूनच चर्चा सुरू होते.

हृदयाची हालचाल साधारण सहाव्या आठवड्यात दिसू लागते. तेव्हा ठोके मिनिटाला ११० च्या आसपास असतात. मग ते भराभर वाढतात. नवव्या आठवड्याच्या सुमाराला १७० च्या घरात जातात. मग हळूहळू उतरतात, चौदाव्या आठवड्याला १५० च्या आसपास. शेवटच्या महिन्यांत ११० ते १६० हे सर्वसाधारण मानतात. म्हणून आठव्या-नवव्या आठवड्यात १७० पाहून ‘बाळाची धडधड वाढली’ म्हणून घाबरू नका, आणि पुढच्या खेपेला १५० दिसले तर ‘कमी झाले’ म्हणूनही नको. आठवडा कोणता, हे आधी बघा.

कधी कधी आकडा अर्धाच दिसतो, ८० किंवा ८२. काही यंत्रांत एका ठोक्याचं अंतर मोजायचं असतं, काहींत दोन ठोक्यांचं. यंत्राची रचना एकाची आणि खुणा ठेवल्या दोनांवर, तर उत्तर निम्मं येणार. पट्टीवरच्या लाटा मोजल्या की चूक लगेच पकडता येते. एम-मोडचा हाही एक फायदा. कागदावर पुरावा राहतो, दुसऱ्या डॉक्टरांनाही तपासता येतो.

ठोके दिसलेच नाहीत तर? हा सगळ्यात नाजूक प्रसंग. दिवस मोजण्यात फरक असेल तर गर्भ अजून लहान असू शकतो. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असून ठोके नसतील तरच डॉक्टर गर्भ राहिला नाही असा निष्कर्ष काढतात. त्याहून लहान असेल तर साधारण आठवड्यानं पुन्हा बघतात. तो आठवडा काढणं फार जड जातं, आमच्या घरानं ते भोगलं आहे. पण त्या आठवड्यात चार सेंटरांच्या पायऱ्या झिजवून काही हाती लागत नाही. गर्भाला वाढायला वेळ द्यावा लागतो, यंत्र बदलून तो मिळत नाही.

आणि एक भाबडी समजूत, जी मराठी घरात ऐकली आणि इथे तमिळ घरातही ऐकली. ठोके १४० च्या वर म्हणजे मुलगी, खाली म्हणजे मुलगा. याला कसलाही आधार नाही. आत्ताच सांगितलं, नवव्या आठवड्यात सगळ्याच बाळांचे ठोके १४० च्या वर असतात. आणि मुळात हे जाणून घ्यायचंच नाही. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा केला, १९९४ मध्ये देशभरासाठी कायदा झाला, २००३ पासून तो अधिक कडक झाला. कुणी ठोक्यांवरून खूण करून सांगायला लागला, तर तो अज्ञानीही आहे आणि गुन्हाही करतो आहे.

आता घरी वापरायच्या यंत्राबद्दल. ऑनलाइन मागवलं की दोन दिवसांत घरी येतं. माझ्या त्या पुतणीच्या सासरच्यांनी हौसेनं आणलं. रोज रात्री जेवणं झाली की सगळे भोवती बसून ठोके ऐकायचे. तेहतिसाव्या आठवड्यात एके दिवशी तिला वाटलं, बाळ आज हललंच नाही. घरच्यांनी यंत्र लावलं. ठोके आले, मिनिटाला ११८. सगळे म्हणाले, चांगले आहेत, झोप आता. तिची आई तेव्हा तिथेच होती. त्यांनी सहज मुलीचं मनगट धरलं आणि यंत्राच्या आवाजाबरोबर नाडी मोजली. दोन्ही एकच. यंत्र आईच्याच रक्तवाहिनीचे ठोके ऐकवत होतं. घाबरलेल्या बाईची नाडी ११८ सहज असते, आणि तो आकडा बाळाच्या आकड्यांतही बसतो. फसगत होते ती इथे.

रात्री अकराला तिला रुग्णालयात नेलं. तिथे बाळाच्या ठोक्यांची पट्टी काढली, सोनोग्राफी केली. पाणी कमी झालं होतं. ठेवून घेतलं, लक्ष ठेवलं, आणि सदतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, २४०० ग्रॅमची. आज ती माझ्या चष्म्यावर डोळा ठेवून असते. त्या रात्री सगळे निर्धास्त झोपले असते तर काय झालं असतं, हे मला सांगता येणार नाही. पण यंत्राच्या भरवशावर थांबायचं नसतं, एवढं नक्की.

अमेरिकेच्या औषध प्रशासनानंही २०१४ मध्ये हाच इशारा दिला होता, की घरगुती डॉपलर आणि हौसेखातर काढलेल्या सोनोग्राफीच्या फिती टाळा. एक तर किती वेळ वापरलं जातं यावर कुणाचं लक्ष नसतं, आणि दुसरं म्हणजे खोटा दिलासा मिळतो. बाळाची हालचाल कमी वाटली तर यंत्र शोधू नका, गाडी शोधा. रात्र असो की सण, दवाखान्यात जा.

मनगट धरायची ती युक्ती आजीबाईच्या बटव्यातली वाटेल, पण ती शास्त्रातलीच आहे. बाळंतपणात कळा सुरू झाल्यावर ठोके ऐकताना त्याच वेळी आईची नाडीही बघावी, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या मार्गदर्शनात सांगितलं आहे. सुरुवातीच्या टप्प्यात दर १५ ते ३० मिनिटांनी, शेवटच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी, आणि प्रत्येक वेळी किमान एक मिनिट ऐकायचं. त्यासाठी छोटं डॉपलर चालतं, आणि ते नसेल तर लाकडी नळीही चालते. ती नळी फ्रान्सच्या पिनार नावाच्या डॉक्टरांची, १८९५ ची. तिला वीज लागत नाही आणि तिच्यातून बाळावर काहीही सोडलं जात नाही.

नळीवरून इथली एक गोष्ट सांगतो, तंजावरची. पॅरिसच्या लेनेक यांनी स्टेथोस्कोप काढला १८१६ मध्ये. १८२१ मध्ये केरगारादेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी तो गरोदर बाईच्या पोटावर लावला आणि बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात हे जगाला सांगितलं. त्या वर्षी इथे गादीवर होते सरफोजी राजे, दुसरे सरफोजी, १७९८ ते १८३२. राजांनी इथे धन्वंतरी महाल उभारला होता. तिथे देशी औषधांची परीक्षा चालत असे, आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे ग्रंथ ते युरोपातून मागवत. डोळ्यांच्या रोग्यांवर केलेल्या उपचारांची त्यांच्या काळातली टिपणं, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. रोगी कोण, दिसलं काय, केलं काय, गुण आला का, हे सगळं लिहून ठेवलेलं. दोनशे वर्षांपूर्वी या गावात रोग्याची नोंद लिहून ठेवायची शिस्त होती. आपण मोबाइलमधला आवाज जपून ठेवतो आणि रिपोर्टचा कागद हरवतो, हे काही बरोबर नाही.

सोनोग्राफीचाही लष्कराशी संबंध आहे, हे जाता जाता सांगतो. ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होते. रडार आणि सोनार त्यांनी तिथे जवळून पाहिलं. पुढे धातूतल्या भेगा शोधायचं कारखान्यातलं यंत्र त्यांनी पोटातल्या गाठी तपासायला वापरलं, आणि १९५८ मध्ये त्यांचा तो प्रसिद्ध लेख आला. शत्रूची पाणबुडी शोधणारी विद्या बाळ बघायला आली. तिच्याबरोबर तिची शिस्तही यायला हवी.

तर आता घरी जाऊन करायच्या चार गोष्टी.

एक, पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफीला गेलात तर आवाज ऐकवा म्हणून हट्ट धरू नका. विचारायचंच असेल तर नम्रपणे विचारा, “डॉक्टर, ठोके एम-मोडनं मोजलेत ना?” चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडेल.

दोन, रिपोर्टमध्ये आठवडा, ठोक्यांचा आकडा आणि पद्धत, तिन्ही लिहिलेलं आहे का बघा. प्रत्येक रिपोर्ट तारखेनं लावून एका फाइलमध्ये ठेवा.

तीन, डॉक्टरांनी कारण सांगून डॉपलर सुचवलं तर नाही म्हणू नका. आणि कारण नसताना फक्त व्हिडिओसाठी सोनोग्राफी करू नका.

चार, शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हालचालींवर आईनं लक्ष ठेवावं. हालचाल कमी वाटली तर थेट रुग्णालय. आणि घरातल्या मोठ्यांनी, विशेषतः आम्हा पुरुषांनी, “तुला उगाच वाटतंय” हे वाक्य गिळून टाकावं. तिच्या पोटातलं तिलाच आधी कळतं.

घरात कुणी गरोदर असेल तर हा भाग तिच्या नवऱ्याला आणि सासूबाईंना आवर्जून ऐकवा. तिला एकटीलाच ऐकवून उपयोग नाही, कारण हट्ट बहुतेक वेळा बाकीच्यांचाच असतो.

पुढच्या भागात भेटू. तब्येत सांभाळा. नमस्कार, जय हिंद.